थर्मोस्टॅटची निवड आणि डिझेलची बचत

वारासिवनीसारख्या धान पिकविणाऱ्या भागात डिझेल पिकअप मालवाहतुकीचे उपयुक्त साधन आहे. उन्हाळ्यात इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. ती नुकसानकारक आहे. थर्मोस्टॅटमधील मेण साधारणतः ८२ अंश सेल्सिअसला वितळून प्रसरण पावते, झडप उघडते व पाणी रेडिएटरकडे जाते. तो नसल्यास हिवाळ्यात व लहान फेऱ्यांत इंजिन थंड राहते, ऑइल दाट राहून घर्षण वाढते आणि डिझेल अधिक लागते. उलट, ८२ ऐवजी ८८ अंशांचा थर्मोस्टॅट बसविल्याने होणारी बचत अल्पच असते. म्हणून निर्मात्याने ठरविलेलाच थर्मोस्टॅट वापरावा. तरीही इंजिन तापल्यास दोष रेडिएटर, पंखा वा वॉटर पंपात शोधावा. गरम पाण्याचे भांडे व तापमापी घेऊन झडप उघडण्याचा प्रयोग वर्गातही दाखविता येतो.