‘माहीत नाही’ यालाही जागा हवी

आरोग्य सर्वेक्षणाला निघणाऱ्या मुलामुलींना मी मोबाइलवर प्रश्नावली भरायला शिकवते. आमचे बरेचसे काम नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागातले. सातपुड्यातल्या अनेक पाड्यांवर नेटवर्क नाही. तिथे ‘ओडीके’सारखे मोफत अ‍ॅप कामी येते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात २००८च्या सुमारास त्याची सुरुवात झाली. प्रश्नावली आधीच फोनमध्ये उतरवून घ्यायची, इंटरनेटशिवाय भरायची आणि रेंज मिळाली की पाठवायची.

कागदी फॉर्मपेक्षा हे कितीतरी बरे. मूलच नसलेल्या बाईला बाळंतपणाचे प्रश्न विचारले जात नाहीत. उत्तर पाहून अ‍ॅप पुढचा प्रश्न निवडते. तान्ह्या बाळाचे वजन ३५ किलो लिहिले, तर तिथेच अडवते. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) सुमारे ६.३७ लाख कुटुंबांची माहिती छोट्या संगणकांवरच भरली गेली.

पण अ‍ॅपला अशक्य उत्तर ओळखता येते, खोटे नाही.

बाळाची जन्मतारीखच घ्या. मूल खुजे आहे का, हे वयाच्या मानाने उंची पाहून ठरते. वय दोन-चार महिन्यांनी चुकले, तर निष्कर्ष फिरू शकतो. आई सांगते, ‘भोंगऱ्या बाजार भरला, तेव्हा झाला.’ हा बाजार होळीच्या आधीच्या आठवड्यात भरतो. म्हणजे महिना सापडला. मग कोणती होळी ते विचारायचे, लसीकरणाचे कार्ड पाहायचे. मात्र अ‍ॅपने तारीख सक्तीची केली असेल, तर दमलेली मुलगी १ किंवा १५ तारीख टाकून पुढे जाते. अ‍ॅप ती मुकाट्याने स्वीकारते आणि अहवालात अंदाज वस्तुस्थिती म्हणून छापला जातो.

म्हणून माझा आग्रह आहे: प्रत्येक फॉर्ममध्ये ‘अंदाजे’ आणि ‘माहीत नाही’ हे पर्याय असलेच पाहिजेत. स्थानिक सण-बाजारांची यादी सोबत द्यावी. आणि दिवसाला किती फॉर्म भरले, यावरून कुणाचे काम तोलू नये. आकडे चुकले, तर पोषण आहाराचा पैसा चुकीच्या पाड्यावर जातो.

तुमच्या दारी कुणी असे सर्वेक्षण घेऊन आले, तर ओळखपत्र पाहा, माहिती कशासाठी हवी ते विचारा आणि मग निवांत बोला. एखादे उत्तर ठाऊक नसेल, तर तसेच सांगा आणि तसेच नोंदवायला लावा.