एकटीच? हो, एकटीच!

"डोंगरावर जाऊन येते," असं घरात म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "बरोबर कोण आहे?" कुठला डोंगर, किती वाजता परत, हे सगळं नंतर. आणि "कोणीच नाही" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "का गं, काही झालंय का?" म्हणजे बाई एकटी निघाली की एकतर नवस असणार, नाहीतर भांडण! नुसतं चालावंसं वाटलं, हे कारण आपल्याकडे चालतच नाही.

आमच्या रानशेतच्या बाजूला तर याची गंमतच वाटते. सकाळी रस्त्याला उभ्या राहा, लाकडाची मोळी घेतलेल्या बायका दिसतील. मोहाची फुलं वेचायला, पावसाळ्यात रानभाज्या आणायला त्या एकेकट्या डोंगरात जातात. त्यांना कोणी विचारत नाही, बरोबर कोण आहे म्हणून. डोक्यावर ओझं असलं की बाईला एकटीनं फिरायची मुभा असते. ओझं उतरवलं की चौकशी सुरू!

मी निवडला तो महालक्ष्मीचा गड. मुंबई-अहमदाबाद हायवेला लागून विवळवेढ्याचं देऊळ आहे, ते आपल्या सगळ्यांना माहीत असतं. चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस जत्रा भरते, तेव्हा पाळणे, भांडी, बांगड्या आणि माणसंच माणसं. पण देवीचं मूळ ठाणं वर डोंगरात आहे. जत्रेत पौर्णिमेच्या रात्री वाघाडीच्या सातवी घराण्यातला पुजारी तिथल्या सुळक्यावर ध्वज लावायला जातो. आपल्याला सुळक्यापर्यंत जायचं कारण नाही. गडावरच्या देवळापर्यंत पायऱ्या आहेत, तेवढं पुष्कळ झालं.

सासूबाईंना मी सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "देवीलाच जातेस ना? मग जा." देवीचं नाव मदतीला आलं, हे खरंच!

सकाळी पोळी-भाजीचा डबा, दोन बाटल्या पाणी, थोडे शेंगदाणे आणि गूळ घेऊन निघाले. चारोटी नाक्यापर्यंत सहा आसनी, पुढे दुसरी गाडी. पायथ्याशी दर्शन घेतलं आणि चढायला लागले. डिसेंबर होता, हवा छान. पहिल्या टप्प्यालाच धाप लागली. बरोबर कोणी असतं तर "थांबू या का?" विचारायला लाज वाटली असती. एकटीला काय, बसले पायरीवर! सागाची मोठाली पानं, मधेच एखाद्या पक्ष्याचा आवाज, आणि खाली हायवेवरच्या ट्रकांची घरघर हळूहळू कमी होत जाते. घरात कितीही शांत असलं तरी कुकरच्या शिट्टीकडे एक कान असतोच. इथे दोन्ही कान मोकळे.

अर्ध्या वाटेवर एक म्हातारी भेटली, काखेत कोयता. "एकलीच आलीस का बाय?" मी हो म्हटलं. "मंग बस, पानी पी," म्हणाली आणि आपल्या वाटेनं गेली. दिवसभरात एवढा साधा प्रतिसाद दुसऱ्या कोणी दिला नाही.

या गडाची गोष्ट ठाऊक आहे ना? एक गरोदर आदिवासी बाई देवीच्या दर्शनाला गड चढत होती. दमली, चक्कर येऊन पडली. तेव्हा देवी म्हणाली, तू आता वर येऊ नकोस, मीच खाली येते. म्हणून देवी पायथ्याशी आली, असं सांगतात. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण पायऱ्यांवर बसल्यावर वाटलं, त्या बाईला देवीनं "तू एकटी का आलीस?" असं नाही विचारलं!

आणि गोष्टीतलीच कशाला, खरी माणसंही आहेत. १९४५ साली गोदावरी परुळेकर याच डहाणू-तलासरीच्या पाड्यांतून पायी हिंडल्या, वेठबिगारीविरुद्ध वारल्यांना उभं करायला. त्या वाटांवरचे अनुभव त्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आहेत. त्याला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मिळालं तर जरूर वाचा. आपली एका दिवसाची चाल त्यापुढे काहीच नाही.

जायचं असेल तर थोडं व्यवहाराचं. घरी वाट आणि परतीची वेळ सांगून जा, मोबाईल पूर्ण चार्ज करा, पण डोंगरात रेंजच्या भरवशावर राहू नका. चप्पल नको, बूट घाला. पावसात पायऱ्या निसरड्या होतात, एप्रिल-मेमध्ये ऊन भाजून काढतं. थंडीचे दिवस बरे. दुपारी दोनला उतरायला लागायचंच, वर कितीही बसावंसं वाटलं तरी. आणि मन साशंक झालं तर सरळ मागे फिरावं, गड कुठे जात नाही.

आता डोळ्यासमोर आहे ते अंजनेरीचं तळं. जव्हार-मोखाड्यावरून त्र्यंबकेश्वरच्या बाजूला जायचं, रात्री तिथे मुक्काम, सकाळी चढाई. वरच्या पठारावर अंजनीमातेचं देऊळ आणि पुढे पावलाच्या आकाराचं तळं. हनुमानाचा पाय उमटला म्हणतात. गिधाडांची घरटीही आहेत त्या कड्यांत, आणि २०१७ साली तो डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. सासूबाईंना सांगून झालंय. त्यांचा प्रश्न या वेळी वेगळा होता, "किती पायऱ्या आहेत गं तिथे? मला जमतील?"