ओव्हरक्लॉकिंग : वेग वाढवणं सोपं, तो टिकवणं अवघड

आजचा विषय ओव्हरक्लॉकिंगचा. "प्रोसेसर किती गिगाहर्ट्झपर्यंत नेता येईल?" हा प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. मी आज वेगळ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. वेग वाढवल्यावर मशीन खरंच स्थिर आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

हा धडा मी नुकसान सोसून शिकलो. एका जानेवारीत मी रॅम ३८०० वर नेली, वीस मिनिटं चाचणी घेतली, दोन-तीन गेम खेळून पाहिले. सगळं झकास. मे महिन्यात घरातले जुने फोटो नव्या डिस्कवर घेतले आणि जुनी डिस्क पुसून टाकली. दिवाळीत अल्बम करायला बसलो, तर कितीतरी फोटो अर्धे करडे. या सगळ्या काळात कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नव्हता.

असं का झालं असावं? फाइल एका डिस्कवरून दुसरीवर जाते तेव्हा मधे रॅममधून जाते. तिथे एखादा बिट उलटला, शून्याचा एक झाला, तर चुकलेली प्रतच नव्या डिस्कवर लिहिली जाते. सर्व्हरमध्ये चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम असते. आपल्या साध्या डेस्कटॉपमध्ये बहुधा ती नसते. म्हणून निळी स्क्रीन आली तर फार वाईट वाटून घेऊ नका, निदान मशीनने सांगितलं तरी. न सांगता झालेली चूक जास्त घातक.

प्रोसेसरमध्ये आता किती उरलंय?

१९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. ६६ मेगाहर्ट्झची बस, साडेचारचा गुणक, म्हणून वेग ३००. लोकांनी बस १०० वर नेली आणि तोच प्रोसेसर ४५० वर धावू लागला. दीडपट वेग, जवळजवळ फुकटात!

आज तसं राहिलेलं नाही, कारण प्रोसेसर हे काम स्वतःच करतो. आपण एक उदाहरण धरून चालू : रायझन ५ ५६००, बी५५० मदरबोर्ड आणि ८ जीबीच्या दोन डीडीआर-४ स्टिक. या प्रोसेसरचा मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ, पण थंडावा मिळाला तर तो आपणहून ४.४ पर्यंत जातो. त्यापुढे ढकलायचं तर व्होल्टेज वाढवावं लागतं. वीज ढोबळमानाने वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही १० टक्के वाढवले, तर वीज ३३ टक्के वाढली. तेवढीच उष्णता वाढली, आणि वेग मिळाला जास्तीत जास्त १० टक्के.

इंटेलवाल्यांसाठी एक गोष्ट : प्रोसेसरचा गुणक वाढवायला सहसा नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड लागतो. खरेदीआधी हे बघा.

आधी रॅमकडे वळा

खूप जणांची ३२०० ची रॅम प्रत्यक्षात २१३३ किंवा २६६६ वर चालते. कारण स्टिक लावल्यावर बोर्ड सुरक्षित वेग निवडतो. बायोसमध्ये एक्सएमपी चालू करा, काही बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी असतं. दोन स्टिक असतील तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लागतात. बोर्डाचं मॅन्युअल एकदा पाहून घ्या. दोन चॅनेल मिळून २१३३ ला सेकंदाला सुमारे ३४ जीबी वाहतात, ३२०० ला ५१. नव्या पैशाशिवाय मिळणारा हा सर्वांत मोठा फायदा आहे.

३६०० ची रॅम घेताना फक्त वेगाचा आकडा पाहू नका. ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८, दोन्हींचा पहिला प्रतिसाद हिशेबाने १० नॅनोसेकंदच येतो. ३६०० ला वहनक्षमता वाढते, पण ३८०० किंवा ४००० च्या मागे लागू नका. रायझन ५००० मध्ये आतला इन्फिनिटी फॅब्रिक सुमारे १८०० मेगाहर्ट्झपर्यंत रॅमच्या पावलाला पाऊल लावून चालतो. त्याच्या फार पुढे गेलात की मेमरी कंट्रोलर अर्ध्या वेगावर उतरू शकतो, आणि आकडा मोठा दिसूनही मशीन मंदावतं.

हेही ध्यानात ठेवा की या प्रोसेसरसाठी एएमडीचा अधिकृत आकडा ३२०० आहे. ३६०० चं एक्सएमपी हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच, आणि त्यातून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

व्होल्टेज 'ऑटो'वर सोडून निर्धास्त राहू नका. डीडीआर-४ चं प्रमाणित व्होल्टेज १.२, आणि एक्सएमपीला बहुधा १.३५ लागतं. ते ठीक आहे. पण २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीला एसओसी व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घालावी लागली. बोर्डाने स्वतः काय लावलंय ते बायोसमध्ये डोळ्यांनी पाहा.

चाचणी : हीच खरी मेहनत

पहिला नियम, एका वेळी एकच बदल. रॅम आणि प्रोसेसर एकदम बदललेत, तर चूक कोणाची ते कळणार नाही.

दुसरा, रॅमचा वेग बदलल्यावर थेट विंडोज सुरू करू नका. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ घ्या, त्यावरून मशीन सुरू करा आणि चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. रात्रभर लागली तरी लागू दे. एकच एरर आली म्हणून सोडून देऊ नका. एक एरर म्हणजे नापास. वेग एक पायरी खाली आणा.

तिसरा, प्रोसेसरची चाचणी वजनदार आणि हलक्या अशा दोन्ही कामांत घ्या. प्राइम९५ किंवा ओसीसीटी तासभर चाललं म्हणजे झालं असं नाही. कर्व्ह ऑप्टिमायझर वापरून व्होल्टेज कमी केलं असेल, तर मशीन पूर्ण भारात तग धरतं आणि ब्राउझर उघडताना रीस्टार्ट होतं. कारण हलक्या कामात एकच कोर सर्वोच्च वेगाला उडी मारतो. म्हणून उणे १० पासून सुरुवात करा आणि आठवडाभर रोजची कामं करा. नंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डब्ल्यूएचईए-लॉगर' नावाच्या नोंदी आहेत का पाहा. असतील, तर मशीन वरून शांत दिसतंय इतकंच.

चौथा नियम आपल्या हवेचा. साधा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत खोली २२ अंश आणि प्रोसेसर ७५ अंश असेल, तर मे महिन्यात नागपूर असो वा हैदराबाद, ४० अंशांच्या खोलीत तोच प्रोसेसर ९३ कडे जाऊ पाहील. ५६०० ची मर्यादा ९० आहे, म्हणजे तो स्वतःच वेग कमी करणार. रॅमचं दुखणं वेगळं. तिच्यात प्रत्येक बिट म्हणजे एक बारीकसा विद्युतभार, तो सतत गळत असतो आणि साधारण ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते. प्रमाणकातच ८५ अंशांच्या वर हे भरणं दुप्पट वेळा करायला सांगितलंय. हिवाळ्यात पास झालेली रॅम उन्हाळ्यात नापास होते ती यामुळे. तेव्हा थंडीत केलेलं सेटिंग एप्रिलमध्ये दुपारी, एसी बंद ठेवून पुन्हा तपासा.

मशीन सुरूच झालं नाही तर घाबरू नका. वीज काढा, मॅन्युअलमध्ये दाखवल्याप्रमाणे सीमॉस क्लिअर करा किंवा बोर्डावरचा नाण्यासारखा सेल काही मिनिटं काढून ठेवा. सेटिंग मूळपदावर येतं.

माझं मशीन आता ३६०० वर आहे, उन्हाळ्यात तपासलेलं. ३८०० पेक्षा ते किती हळू आहे, मला वापरताना कळत नाही. ते फोटो मात्र परत आले नाहीत. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि चाचणी पूर्ण होईपर्यंत ती डिस्क या मशीनला जोडू नका.