१५ फेब्रुवारीपर्यंत

खगोलशास्त्रातल्या पोस्टडॉकच्या बहुतेक जाहिराती अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या जॉब रजिस्टरवर येतात आणि अर्जांचा हंगाम असतो ऑक्टोबर ते डिसेंबर. पुण्यात पीएचडी संपवत आणलेल्या आमच्यासारख्यांची दिवाळी त्यामुळे लॅपटॉपसमोरच जाते.

मागतात ते थोडकंच: सीव्ही, शोधनिबंधांची यादी, झालेल्या कामाचा आढावा, पुढच्या कामाचा आराखडा आणि बहुधा तीन शिफारसपत्रं. घाम काढतो तो आराखडा. माझा विषय दूरच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन वायू. त्याची २१ सेंटिमीटरची रेषा मुळात १४२० मेगाहर्ट्झची. पण विश्व प्रसरण पावत असल्यामुळे रेडशिफ्ट १ वरच्या दीर्घिकेतून निघालेली ही रेषा आपल्यापर्यंत पोचते ती ७१० मेगाहर्ट्झला. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना ती टिपू शकतात. दक्षिण आफ्रिकेतल्या ६४ अँटेनांच्या मीरकॅटलाही ती सापडते. म्हणून तिथल्या गटाला लिहिताना खोडदची निरीक्षणं मी पुढे कशी नेईन, हे नीट मांडलं की बैठक जमते. नेदरलँड्सची लोफार मात्र साधारण २४० मेगाहर्ट्झच्या वर जातच नाही. तिथे अर्ज करायचा तर प्रश्नच नवा हवा, आणि तो सुचायला कित्येक रात्री वाचन करावं लागतं. संस्थेचं नाव बदलून तोच आराखडा सगळीकडे पाठवणाऱ्याला स्वतःलाच कळत नाही, की आपल्याला तिथे नेमकं काय करायचंय.

शिफारसपत्रं लिहिणारे ती थेट पाठवतात, आपल्याला ती दिसत नाहीत. ‘हुशार आहे, कष्टाळू आहे’ एवढ्यावर निवड समितीचं समाधान होत नाही. मोबाइल टॉवरचा गोंगाट विदेतून काढण्याचा प्रोग्रॅम हिने स्वतः लिहिला, असं ठोस काही लागतं. सरांना मुदतींच्या यादीसोबत अशा कामांचं टिपणही आधीच द्यावं; त्यात संकोच कसला?

मग ऑफर येऊ लागतात. १५ फेब्रुवारीच्या आधी उमेदवारावर उत्तराची सक्ती करायची नाही, असा या क्षेत्रात रिवाज आहे. तो कायदा नव्हे, पण बहुतेक संस्था पाळतात, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. त्यामुळे पहिल्याच ऑफरला घाबरून होकार द्यावा लागत नाही. मात्र काही जण दोन-तीन ऑफर शेवटच्या दिवसापर्यंत धरून बसतात. तेवढ्या जागा अडतात आणि प्रतीक्षा यादीतल्यांचा जीव टांगणीला लागतो. त्यांतल्या कुणाला पुढे व्हिसा काढायचा असतो, कुणाची फेलोशिप मार्चमध्ये संपणार असते. म्हणून दुसरी ऑफर जास्त आवडली, की पहिल्या ठिकाणी मी त्याच संध्याकाळी नकार कळवते. दोन ओळींची ईमेल पुरते, आणि तिथली समिती दुसऱ्या दिवशी पुढच्या नावाकडे वळू शकते.