जुन्या जीप पिकअपला बोलेरोचं इंजिन बसवलं तर गाडी खरंच पळते का?

शेतात गंजत पडलेलं जुनं अमेरिकन पिकअप, बोनेटखाली नवंकोरं व्ही-8 इंजिन आणि मिनिटभरात नुसता धुरळा. ही रील तुमच्याही मोबाईलवर आली असेल. ती बघून घाटनांदूरच्या एखाद्या पोराला गोठ्यामागं उभी असलेली आजोबांची महिंद्रा आठवते आणि डोक्यात किडा वळवळतो, हिला मोठं इंजिन टाकलं तर?

तसा हा किडा जुना आहे. महिंद्राच्या जीप आधी पेट्रोलवर चालायच्या. पेट्रोल परवडेना, तेव्हा अनेकांनी मिस्तरीकडं नेऊन त्यात डिझेल इंजिन बसवून घेतलं. कंपनीनंही 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार केला आणि इगतपुरीत डिझेल इंजिन बनवायला घेतलं. ते इंजिन 2112 सीसीचं, ताकद 62 हॉर्सपॉवर.

आता त्या जागी भंगारातून आणलेलं बोलेरोचं 2523 सीसीचं डीआय इंजिन बसवायचं म्हणू. सीसी वाढली, पण हॉर्सपॉवर किती? साधारण 63. म्हणजे एवढा खटाटोप करून एक घोडा वाढला!

खरा फरक ओढीत पडतो. भरल्या हौद्यानं चढ चढताना ही गाडी कमी रेसवर ओढते. पण प्यूजो 4500 आरपीएमपर्यंत फिरायचं, हे 3200 ला पूर्ण ताकद देतं. टायर, गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियन जुनेच ठेवले, तर जुनं इंजिन ज्या गिअरला ताशी 90 गाठायचं, तिथं नवं 64 च्या आसपासच दम टाकतं. मोठं इंजिन टाकून गाडी हळू झाली, असं ऐकलं तर हसू नका राव.

म्हणून मग क्राऊन-पिनियन बदला. ओढ वाढली म्हणून क्लचप्लेट बदला. रेडिएटर मोठा घ्या, इंजिनचं फाउंडेशन नव्यानं वेल्डिंग करा. पुढं वजन वाढलं की पाटे बसतात. आणि ब्रेक? चारही चाकांना जुने ड्रमच. अंबाजोगाईकडं माल भरून निघाल्यावर ओढ जास्त म्हणून पोती जास्त टाकली जातात, थांबवायची ताकद मात्र तेवढीच राहते. माझ्या मते पहिला खर्च इंजिनवर नाही, ब्रेकवर करावा.

आता कागद. आरसीवर इंजिन नंबर आणि सीसी दोन्ही असतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की, कंपनीनं दिलेल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टानंही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजी किटसारख्या इंधनबदलाला वेगळी वाट आहे. आणि त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन परवानगी घेऊन बदलता येतं.

गावात कोण बघतंय, असं वाटेल. पण मालवाहू गाडी जुनी झाली की दरवर्षी पासिंग लागतं, आणि अंबाजोगाईच्या आरटीओत इंजिन नंबर तपासला तर तिथंच अडकता. अपघात झाला तर विमा कंपनी याच बदलावर बोट ठेवून क्लेम नाकारू शकते.

त्यामुळं मिस्तरीला ॲडव्हान्स देण्याआधी आरसी घेऊन आरटीओत जा, कोणतं इंजिन चालेल ते विचारा आणि परवानगी लेखी घ्या. जुनं इंजिन विकत घेताना त्याचं बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रंही मागा. नाहीतर चोरीच्या गाडीचं इंजिन तुमच्या बोनेटखाली निघायचं.