न पुसलेली खूण

एकत्र कुटुंबांत जमाखर्चाची वही घरांतल्या कोणीही पाहावी, परंतु तींत लिहावें एकानेंच, असा शिरस्ता असतो. वाचण्याचा अधिकार निराळा आणि लिहिण्याचा निराळा. या भेदावर घरांतील विश्वास उभा असतो. संगणकाची व्यवस्थाही याच भेदावर उभी आहे. प्रत्येक फाइल कोणीं वाचावी व कोणीं लिहावी हें ठरलेलें असतें, आणि तें बंधन पाळविण्याचें काम कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे 'कर्नेल', करतो. हा द्वारपालच चुकला तर काय होतें, याची एक खरी हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

ही हकीकत लिनक्स या कार्यप्रणालीची आहे. जगांतील असंख्य सेवासंगणक तिच्यावर चालतात आणि आपल्या घरांतील अँड्रॉइड फोनचा गाभाही तिचाच आहे. २०२१ च्या एप्रिलांत मॅक्स केलरमन या जर्मन तज्ज्ञाकडे एक किरकोळ तक्रार आली. संकेतस्थळाच्या भेटींची नोंद असलेली, दाबून साठविलेली एक फाइल उलगडत नव्हती. तिच्या अखेरचा पडताळ्याचा आंकडा जुळत नव्हता. त्यांनीं तो हातानें दुरुस्त केला आणि प्रकरण मिटविलें. परंतु कांहीं महिन्यांनीं तशीच तक्रार पुन्हां आली, आणि पुढें येतच राहिली.

दुसरा कोणी यंत्राला दोष देऊन स्वस्थ बसला असता. केलरमन यांनीं बिघडलेल्या फायली एकत्र मांडून पाहिल्या. पडताळ्याच्या आंकड्याच्या जागीं तेच ते आठ बाइट आढळत होते, आणि अशा फायली विशेषेंकरून महिन्याच्या अखेरच्या दिवसाच्या होत्या. यंत्राचा आकस्मिक बिघाड कांहीं पंचांग पाहून येत नाहीं! ते आठ बाइट 'झिप' गठ्ठ्याच्या सूचीच्या आरंभींचे होते. ग्राहकाला महिनाभराच्या नोंदी एका गठ्ठ्यांत देतांना सर्व फायली ओळीनें पाठवावयाच्या आणि शेवटीं ही सूची जोडावयाची, अशी पद्धत होती. म्हणजे सूचीचा आरंभ अखेरच्या फाइलीवर उमटत होता. परंतु गठ्ठा बांधणाऱ्या प्रोग्रॅमला त्या फायली केवळ वाचण्याचाच अधिकार होता. मग लिहिलें कोणीं?

लिहिलें खुद्द गाभ्यानें. फाइल वाचतांना कर्नेल तिचीं पानें स्मृतींत आणून ठेवतो आणि जो मागेल त्याला तींच दाखवितो. एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे मजकूर नेण्यासाठीं 'पाइप' म्हणजे नळी असते. तिच्यांतील लहान लहान कप्पे आळीपाळीनें पुन्हां पुन्हां वापरले जातात. कप्प्यांतील पान अर्धवट भरलें असेल तर पुढील मजकूर त्याच पानावर लिहावा, अशी एक खूण कप्प्यावर करतात. नळीच्या स्वतःच्या कोऱ्या पानापुरतें हें ठीकच आहे. परंतु वेळ वांचविण्यासाठीं, फाइलीची नक्कल न करतां तिचें मूळ पानच कप्प्यास जोडण्याची सोय आहे. तसें जोडतांना आधींची खूण पुसावयास हवी होती. ती पुसली जात नव्हती. त्यामुळें नळींत पुढें जें ओतावें तें थेट फाइलीच्या पानावर लिहिलें जाई.

"आधीं पाटी पुसा, मग गणित मांडा," असें मी शाळेंत मुलांना नेहमीं सांगत असें. पाटी न पुसण्याची ही चूक गाभ्यांत २०१६ पासून होती, परंतु तोंवर तिचा कांहीं उपद्रव नव्हता. २०२० सालीं ५.८ या आवृत्तींत रचना सुटसुटीत करतांना वर सांगितलेली खूण कप्प्यावर आली, आणि निजलेला दोष जागा झाला.

याचा परिणाम भयंकर होता. संगणकाच्या वापरकर्त्यांची यादी सामान्य वापरकर्त्याला वाचतां येते. या दोषाचा आधार घेऊन तो ती बदलूंही शकला असता, आणि कुलूप न फोडतां सर्वाधिकारी, म्हणजे 'रूट', होऊन बसला असता. शिवाय बदल स्मृतींतील पानावरच राहिला, तर संगणक पुन्हां सुरू करतांच त्याचा मागमूसही उरला नसता.

केलरमन यांनीं आपला तर्क दोन चिमुकल्या प्रोग्रॅमांनीं पडताळून पाहिला. एक प्रोग्रॅम फाइलींत 'ए' हें अक्षर लिहीत राही. दुसरा ती फाइल केवळ वाचून नळीस जोडी आणि मागून 'बी' ओती. फाइलींत 'बी' उमटले! २० फेब्रुवारी २०२२ रोजीं त्यांनीं दोष आणि दुरुस्ती दोन्ही लिनक्सच्या सुरक्षामंडळास कळविलीं. दुसऱ्या दिवशीं तोच दोष पिक्सेल ६ या फोनवरही असल्याची खात्री करून अँड्रॉइडच्या मंडळास कळविलें. २३ तारखेस दुरुस्त आवृत्त्या निघाल्या, आणि ७ मार्चला 'डर्टी पाइप' या नांवानें सर्व हकीकत जगापुढें आली. आधीं दुरुस्ती, मग वाच्यता, हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. म्हणूनच फोन 'अपडेट' मागूं लागला म्हणजे "उद्यां पाहूं" म्हणून तो टाळूं नये; वाच्यता झाल्यावर दोष सज्जनांइतकाच दुर्जनांनाही ठाऊक झालेला असतो.

वहींत एका रुपयाचा फरक निघाला तर पदरचा रुपया घालून मेळ बसवूं नये, चूक शोधावी, असें जुने कारकून सांगत. पहिल्या तक्रारीच्या वेळीं केलरमन यांनींही पदरचा रुपयाच घातला होता. पुढच्या वेळीं घातला नाहीं, म्हणून जगांतील असंख्य दारें सुरक्षित राहिलीं.