'थांबा' म्हणण्याची शिस्त : संगणकजाळ्यातील अग्रक्रमी प्रवाहनियंत्रण

संगणकांना परस्परांशी जोडणाऱ्या इथरनेट जाळ्याचा मूळ नियम साधा आहे. मार्गावर गर्दी झाली की स्विच, म्हणजे माहितीची पॅकेटे योग्य दिशेस वळविणारे उपकरण, जास्तीची पॅकेटे सोडून देते. पाठविणारा संगणक ती पुन्हा पाठवितो. पत्रव्यवहार, दाखले, संकेतस्थळे अशा कामांत या विलंबाने फारसे बिघडत नाही. परंतु मोठ्या माहिती-केंद्रांत आता एका संगणकाच्या स्मृतीतून दुसऱ्याच्या स्मृतीत थेट माहिती नेणारी 'आरडीएमए' ही पद्धत वापरली जाते. तेथे एक पॅकेट गळाले, तर अनेक उपकरणांत त्यापुढील सर्व पॅकेटे पुन्हा पाठवावी लागतात आणि एकत्र काम करणारा संगणकांचा सारा ताफा खोळंबतो.

सरसकट नव्हे, निवडक थांबा

गळती टाळण्याचा उपाय म्हणजे पाठविणाऱ्यास वेळीच थांबविणे. १९९७ मधील ८०२.३एक्स या मानकाने तशी सोय केली होती. मात्र त्यामुळे त्या तारेवरील सर्वच वाहतूक थांबत असे. २०११ मध्ये आलेल्या ८०२.१क्यूबीबी या मानकाने हा दोष दूर केला. यात वाहतुकीचे ० ते ७ असे ८ वर्ग असून प्रत्येक वर्ग स्वतंत्रपणे थांबविता येतो. ज्या वर्गास असे संरक्षण दिले जाते, त्याची रांग ही विनागळती रांग होय. अन्य वर्गांची वाहतूक नेहमीप्रमाणे चालू राहते.

वाटेतील पाण्यासाठी जागा

शेतातील वाफे भरत आले, म्हणून चारीचे दार पाडण्याचा निरोप पाटकऱ्याकडे धाडला, तरी निरोप पोहोचेपर्यंत सुटलेले आणि चारीत असलेले पाणी येतच राहते. म्हणून वाफे काठोकाठ भरण्याआधीच निरोप धाडावा लागतो. स्विचचेही तसेच आहे. १०० मीटर तारेतून संदेश जाण्यास सुमारे अर्धा मायक्रोसेकंद लागतो. जाण्यायेण्याचा मिळून एक मायक्रोसेकंद धरला, तर सेकंदाला १०० अब्ज बिट या वेगाने तेवढ्या अवधीत १ लाख बिट, म्हणजे १२,५०० बाइट येऊन पडतात. याशिवाय दोन्ही टोकांस अर्धवट निघालेल्या पॅकेटांचा हिशेब वेगळा. एवढी जागा राखून न ठेवल्यास विनागळती हे केवळ नाव उरते. तार लांब किंवा वेग अधिक, तर राखीव जागाही अधिक लागते.

मांडणीचे टप्पे

प्रथम, कोणत्या वाहतुकीस संरक्षण हवे ते ठरवून तिच्या पॅकेटांवर खूण करावी लागते. अनेक ठिकाणी यासाठी ३ क्रमांकाचा वर्ग वापरला जातो. नंतर ती खूण, वर्ग आणि रांग यांची सांगड मार्गातील प्रत्येक स्विचवर व संगणकाच्या नेटवर्क कार्डावर एकसारखी घालावी लागते. एका टोकास ३ व दुसऱ्या टोकास ४ असे झाल्यास 'थांबा' हा संदेश निरर्थक ठरतो. तिसरा टप्पा राखीव जागेचा. चौथा टप्पा पूर्वसूचनेचा : रांग थोडी वाढताच पॅकेटांवर गर्दीची खूण करून पाठविणाऱ्यास वेग कमी करावयास लावणे. ही सूचना 'थांबा'च्या आधी मिळावयास हवी. थांबविणे हा अखेरचा उपाय आहे, नित्याचा नव्हे.

अतिरेकाचा धोका

थांबलेला स्विच आपल्या मागच्यास थांबवितो, तो त्याच्या मागच्यास. अशा रीतीने गर्दी मागे मागे पसरते आणि तिच्याशी संबंध नसलेली वाहतूकही अडकते. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात असे दाखवून दिले की, एकच बिघडलेले नेटवर्क कार्ड सतत 'थांबा' म्हणत राहिले, तर संपूर्ण जाळे ठप्प होऊ शकते. यावर 'पहारेकरी' यंत्रणा हा उपाय आहे. एखादी रांग ठरावीक काळाहून अधिक अडून राहिली, की ती यंत्रणा त्या रांगेपुरते संरक्षण काढून घेते. थोडी गळती पत्करून जाळे वाचविले जाते.

म्हणून अशा जाळ्याचे काम ताब्यात घेताना केवळ स्विचचा वेग पाहून भागत नाही. संरक्षित वर्ग किती, दोन्ही टोकांची मांडणी एकसारखी आहे काय, राखीव जागेचा हिशेब कोणत्या लांबीवर केला आणि पहारेकरी चालू आहे काय, हे चार प्रश्न विचारणे आवश्यक आहे. सर्वांनाच अग्रक्रम दिला, तर तो कोणालाच राहत नाही.